नाव काहून विचारता?

बाबांना डिस्चार्ज मिळाला त्या सकाळी मी संत्रा बर्फीचे दोन डबे घेऊन वॉर्डात गेलो. एक डॉक्टरांसाठी, एक 'स्टाफ'साठी. डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. इंचार्ज सिस्टरांनी स्टाफचा डबा फोडला, सगळ्यांना एकेक वडी वाटली, स्वतः अर्धीच घेतली आणि कागदाला बोटं पुसत म्हणाल्या, "छान आहे बर्फी. पण एक सांगू का भाऊ? ज्याची तक्रार असते तो लिहून देतो. जो खूश असतो तो मिठाई देतो. मिठाई दुपारपर्यंत संपते. कागद मात्र आमच्या फायलीत रिटायर होईपर्यंत राहतो."

रागाने नाही, सहज बोलल्या, आणि नऊ नंबरची सलाईन बदलायला निघून गेल्या.

मी एका निमसरकारी ऑफिसात आवक-जावक सांभाळतो. सत्तावीस वर्षं झाली. टपालात काय काय येतं ते मी पाहिलंय: तक्रारी, स्मरणपत्रं, माहिती अधिकाराचे अर्ज, निनावी पत्रं, एकदा तर निव्वळ शाप लिहिलेलं पोस्टकार्ड. 'तुमच्या अमुक माणसाने माझं काम चांगलं केलं' असा कागद सत्तावीस वर्षांत मी एकदाही आवक केलेला नाही. त्यामुळे सिस्टरांचं बोलणं दुसऱ्या कुणाला हसण्यावारी नेता आलं असतं, मला नाही आलं.

बाबांचं झालं ते असं. वय अठ्ठ्याहत्तर, मे महिना, बाहेर चव्वेचाळीस डिग्री. कुलरमध्ये पाणी टाकायचं काम घरात कोणीही करो, ते बाबांना पसंत पडत नाही. ताट्या नीट भिजल्या पाहिजेत, पंप कोरडा चालता कामा नये. मी ऑफिसात असताना त्यांनी स्वतःच बादली उचलली, फरशीवर सांडलेल्या पाण्यावरून पाय गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. (मे महिन्यात नागपुरातली निम्मी हाडं कुलरच्या पाण्यावरच मोडत असावीत, असं माझं खासगी मत आहे.) हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. सरकारी आहे, मोठं आहे, एवढं पुरे.

अशा वॉर्डात सोळा दिवस काढले की विदर्भाचा नकाशा पाठ होतो. एका कॉटवर भंडारा, शेजारी गोंदिया, पलीकडे गडचिरोली, आणि सीमा ओलांडून आलेले बालाघाट, छिंदवाडा. बाबांच्या शेजारी गडचिरोलीकडचा एक बावीस वर्षांचा पोरगा होता. त्याचाही खुबाच, पण पडून मोडलेला नाही. सिकलसेलमध्ये रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच तुटतो. हाड आतून मरत जातं. अठ्ठ्याहत्तर आणि बावीस, दोघांचा एकच खुबा. त्या पोराच्या आईला मराठी जेमतेम समजायची. एक सिस्टर तिच्याशी गोंडीत दोन वाक्यं बोलल्या, आणि चार दिवस भिंतीला टेकून गप्प बसलेली ती बाई एकदम इतकं बोलायला लागली की सिस्टरांना हातातला ट्रे खाली ठेवावा लागला. त्या दोन वाक्यांचा उल्लेख कुठल्या केस पेपरवर असणार?

वॉर्डात पहिल्या दिवशी शिकायची ती नाती. स्ट्रेचर ढकलणारे ते मामा, पॉट देणाऱ्या त्या मावशी, सुई देणाऱ्या सिस्टर, शिकाऊ डॉक्टर म्हणजे मॅडम किंवा सर. सगळ्या महाराष्ट्रात हे असंच आहे आणि ऐकायला फार गोड वाटतं. मलाही वाटायचं. आता वाटतं की ही नाती आपल्याच सोयीची आहेत. मामा म्हटलं की नाव विचारावं लागत नाही. मावशी म्हटलं की तिला पगार वेळेवर मिळतो का, हा प्रश्न मनात येत नाही. मावशीला कोणी पगार विचारतं का? आणि घरच्या माणसांचे आभार मानण्याची रीत तर आपल्यात मुळीच नाही. 'आभार कसले, घरचंच तर आहे' म्हटलं की सगळं फिटलं.

ऑपरेशननंतरची तिसरी रात्र. पावणेतीन वाजले होते. माझा डोळा लागला होता, उघडला तर बाबांची सलाईन संपलेली आणि नळीत खालून रक्त उलटं चढताना दिसलं. मी धावत टेबलाकडे गेलो. टेबलावर कोणी नाही. सिस्टर वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला एका कॉटवर वाकलेल्या. मी तिथूनच ओरडलो, "इथं कोणी आहे का नाही? माणूस मेल्यावर येणार का तुम्ही?" बेचाळीस कॉट आणि खाली सतरंज्यांवर झोपलेले नातेवाईक, सगळे जागे झाले.

सिस्टरांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "नळीवरचं चाक फिरवून बंद करा दादा. काही होत नाही. येते मी."

चाक फिरवलं, रक्त थांबलं. त्या दहा मिनिटांनी आल्या. नव्या बाटलीला नळी जोडली, सुई साफ केली, बाबांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "झोपा बाबा." माझ्याशी एक शब्द नाही. पलीकडच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याला श्वास लागला होता आणि त्या त्याच्यापाशी ऑक्सिजन लावून उभ्या होत्या, हे मला सकाळी कळलं. म्हाताऱ्याच्या सुनेकडून कळलं, सिस्टरांकडून नाही.

सकाळी चहा घ्यायला जाताना जिन्यावरचा फलक पहिल्यांदा नीट वाचला. २०१० च्या कायद्याचा. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. मी हात उचलला नव्हता. पण तो फलक ज्यांच्यासाठी लावावा लागला, त्यांचा आणि माझा रात्री पावणेतीनचा आवाज साधारण एकाच पट्टीतला असणार.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली, पण बाबांच्या डोक्यातला भोंगा अजून चालू आहे. दिवसाचे तीन भाग ते पाळीतच मोजतात. सिस्टर रात्री आल्या की विचारायचे, "तिसरी पाळी का जी?" त्या रात्रीचं माझं ओरडणं त्यांनी पडल्या पडल्या ऐकलं होतं. सकाळी मला म्हणाले, "मशीन चालू असते तवा फिटर कोणाले दिसत नाही. बंद पडली का बोंबलत येतेत सारे." थोड्या वेळाने पुन्हा, "आन तिसऱ्या पाळीतल्या माणसाशी चार वाजता वाद घालू नये. तो जागा दिसते, जागा नसते."

तेव्हापासून मी मोजायला लागलो, कारकुनाची खोड. रात्री बेचाळीस कॉटना दोन सिस्टर, एक मावशी, एक मामा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयातल्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, म्हणजे तीन पाळ्यांत वाटल्यावर एका पाळीला नऊ रुग्णांमागे एक, असा आहे. बेचाळीस भागिले दोन एकवीस. म्हणजे प्रत्येक सिस्टर दोघींहून जास्त जणींचं काम करत होती आणि त्यातली जी एक बाबांच्या वाट्याची होती, तिला यायला दहा मिनिटं लागली म्हणून मी वॉर्ड डोक्यावर घेतला होता.

सकाळची ड्यूटी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर कॉटमागून कॉट फिरतात आणि एकमेकींना 'ओव्हर' देतात. 'बारा नंबर, खुबा, ऑपरेशनचा तिसरा दिवस, रात्री ताप नाही, टाके कोरडे, पाठ बघा.' नेमक्या त्याच वेळी आम्ही नातेवाईक मध्ये घुसून विचारतो, 'सिस्टर, अंघोळ घालू का?' बाबांनी मला बाहीला धरून मागे ओढलं. "पाळी बदलतानी फोरमनशी बोलत नसते."

'पाठ बघा' हे प्रकरण मावशींचं. खुबा मोडलेला म्हातारा एका कुशीवर पडून राहिला की पाठीला, माकडहाडाला जखमा होतात आणि त्या जखमा हाडापेक्षा वाईट. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. सांगायला सोपं; ऑपरेशन झालेला पाय न दुखवता साठ-सत्तर किलोचा माणूस वळवणं हे अंगातल्या ताकदीचं काम नाही, हातातल्या अक्कलेचं आहे. मी पहिल्यांदा करायला गेलो तर बाबा किंचाळले. मावशींनी मला बाजूला केलं, दोन पायांच्या मध्ये उशी ठेवली, चादरीचं टोक धरलं आणि बाबा कूस बदलून मोकळे. परक्या बाईने अंग पुसायचं म्हणून बाबा पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मावशी म्हणाल्या, "माह्या बापाचंबी मीच केलं. लाजता काहून?" मी त्या वेळी बाहेर व्हरांड्यात उभा राहून मोबाईल पाहत होतो. काही महत्त्वाचं नव्हतं मोबाईलमध्ये.

मग त्या पिशव्या बांधायच्या. जखमेचा कापूस, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. नळ्या आणि प्लास्टिक लाल पिशवीत. सुया वेगळ्या पांढऱ्या डब्यात. पहाटे त्या पिवळी पिशवी ओढत व्हरांड्यातून जाताना मला हटकून मारबत आठवायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण पिवळी मारबत, काळी मारबत असे मोठाले पुतळे गावभर मिरवतो, 'ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतो आणि गावाबाहेर नेऊन जाळतो. लहानपणापासून मी इतवारीत गर्दीत उभा राहून ओरडत आलोय. वर्षातून एकदा रोगराई घेऊन जाणारीला एवढी मिरवणूक. रोज पहाटे घेऊन जाणारीला लोक नाक दाबून वाट देतात.

आमच्या मुक्कामात १२ मे आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, परिचारिका दिन. खाली सभागृहात कार्यक्रम होता: फोटोला हार, मेणबत्त्या, शपथ, भाषणं. ज्यांची ड्यूटी होती त्या आळीपाळीने दहा मिनिटांसाठी जाऊन आल्या. आमच्या सिस्टर परत आल्या त्या खिशात गुलाब खोचून, आणि आल्या आल्या एकाची उलटी झेलायला धावल्या. दुपारी चारपर्यंत त्या गुलाबाचा चहाचा चोथा झाला होता. नाइटिंगेलबाईंचा जन्म ऐन मे महिन्यात, त्याला कोण काय करणार, पण नागपुरात फूल देणं हा त्या महिन्यात सत्कार नाही. एक थंड पाण्याचा कॅन ठेवला असता कोणी तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तीन कॉटच्या नातेवाइकांनी वर्गणी काढून ठेवला. माझ्या सोळा दिवसांतलं हे एकमेव अभिमानास्पद कृत्य, आणि कल्पनाही माझी नव्हती, बालाघाटवाल्यांची होती.

त्या कार्यक्रमातल्या फोटोंबद्दल एक सांगतो. नागपूरच्या माणसाने नाइटिंगेलच्या शेजारी कमलाताई होस्पेट यांचा फोटो ठेवायला हरकत नसावी. लहानपणी वैधव्य आलेली ही बाई परिचारिकेचं शिक्षण घेते आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्याबरोबर याच शहरात मातृ सेवा संघ उभा करते, बायकांची बाळंतपणं सुखरूप व्हावीत म्हणून. १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. माझा जन्म सीताबर्डीतल्या त्यांच्याच दवाखान्यातला. आई सांगायची, रात्रभर एक नर्सबाई पाठ चोळत बसली होती. नाव? आईला आठवत नव्हतं. 'नर्सबाई' म्हणायची.

नावांचं आमच्या घराण्याला वावडंच दिसतं. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता मीही गच्चीवर उभा राहून आईची पितळी परात बडवली. तिला पोचा आला, तो अजून आहे. पुढच्या वर्षी जूनमध्ये राज्यातल्या आशा सेविका मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा आमच्या गल्लीतून कुणी पळीसुद्धा वाजवली नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या साऱ्या आशांचा गौरव केला, ती बातमी मी मोठ्या उत्साहाने पुढे ढकलली. पण ऑक्सिमीटर घेऊन भर उन्हात आमच्या दारी येणाऱ्या, तोंडाला दुपट्टा बांधलेल्या त्या बाईंचं नाव आमच्या गल्लीत फक्त कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला माहीत होतं. तोही उधारीच्या वहीमुळे.

मराठीत आभार ही स्टेजवरची गोष्ट आहे. कार्यक्रम संपत आला, लोक चपला शोधायला उठले, चहाचा वास आला की कुणीतरी माइकवर 'आता आभारप्रदर्शन' म्हणतो. मंडपवाल्यापासून सगळ्यांची नावं घेतो आणि ऐकायला फक्त मंडपवाला असतो, कारण त्याला खुर्च्या उचलायच्या असतात. पण निदान नावं तरी घेतो.

तर रविवारी मी पत्र लिहायला बसलो. 'प्रति, मा. वैद्यकीय अधीक्षक.' विषय, संदर्भ, महोदय, सगळं हाताच्या सवयीने उतरलं. 'माझे वडील दिनांक अमुक ते अमुक या कालावधीत आपल्या रुग्णालयात दाखल होते. या काळात खालील कर्मचाऱ्यांनी' इथपर्यंत आलो आणि थांबलो. खालील म्हणजे कोण? डॉक्टरांचं नाव डिग्रीसकट पाठ होतं. बाकी सिस्टर, सिस्टर, मामा, मावशी. सोळा दिवस.

पुन्हा गेलो. रात्रीच्या सिस्टर दुपारच्या ड्यूटीवर होत्या. मी नाव विचारल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही बारा नंबरचे. ओरडले होते ते." मी हो म्हटलं. माफीही मागितली, पण ती त्यांनी हातातल्या तापमापकासारखी झटकून टाकली. "रोजचं आहे. बाबा चालतात का आता?" वॉकर घेऊन दहा पावलं चालतात म्हटलं, तेव्हा कुठे नाव सांगितलं. मामा म्हणाले, "नावात काय ठेवलं, मामाच लिहा." मी जोर केल्यावर मात्र स्वतःचं, वडिलांचं, आडनाव आणि गाव, सगळं सांगितलं, दोनदा, आणि मी बरोबर लिहिलं का ते वाकून पाहिलं.

मावशी पॉट धुवायच्या खोलीपाशी सापडल्या. "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा ना," एवढंच म्हणालो. हातातला ब्रश तिथेच थांबला.

"नाव काहून विचारता? काय चुकलं माह्याकून?"

"काही नाही चुकलं."

"तुमच्या बाबाचा चष्मा मी ड्रावरमंदीच ठेवला होता. डाव्या बाजूच्या. पाहिला का तुमी?"

चष्मा घरी होता, बाबांच्या नाकावर होता. मी तसं सांगितलं. त्यांना खरं वाटेना. आजवर ज्यांनी नाव विचारलं त्यांनी कशासाठी विचारलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. शेवटी म्हणाल्या, "पयले वाचून दाखवा काय लिहिलं ते." मग त्या ओल्या फरशीवर उभा राहून मी माझं सरकारी मराठी वाचून दाखवलं. 'दर दोन तासांनी कूस बदलण्याचे कार्य अत्यंत आपुलकीने' इथे त्यांनी मला अडवलं. "ते तर कामच हाय. रात्री केलं म्हणून लिहा. दिवसा पाहाले साऱ्याच असतेत." मी 'रात्रपाळीतही' असा शब्द घातला. मग त्यांनी नाव सांगितलं. इथे लिहीत नाही. पत्रात आहे.

आवक टेबलावर माझ्याच वयाचा माणूस होता. पत्र न वाचताच विचारलं, "तक्रार कोणत्या विभागाची?" तक्रार नाही म्हटल्यावर चष्मा वर करून वाचलं. पहिली चार नावं झाल्यावर पाचव्यावर बोट ठेवलं. "या बाई आमच्या आस्थापनेवर नाहीत. कंत्राटी आहेत. यांची आमच्याकडे फाइलच नसते. कुठं लावू मी हे?"

इंचार्ज सिस्टरांच्या हिशोबात हे बसलेलं नव्हतं. बर्फी संपते, कागद फायलीत राहतो. पण जिची फाइलच नाही तिचं काय? आम्ही दोघे कारकून थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो. मग त्यानेच पेन काढलं आणि माझ्या पत्राखाली लिहायला सांगितलं: 'प्रत माहितीस्तव व योग्य त्या नोंदीस्तव: संबंधित कंत्राटदार.' मी त्याखाली आणखी एक ओळ घातली: 'प्रत: स्वतः कर्मचारी.' अशी प्रत काढायची पद्धत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. खाली जाऊन झेरॉक्स काढून आणल्या. त्याने सगळ्यांवर शिक्के मारले, आवक क्रमांक टाकला.

मावशी व्हरांड्यात डबा खात होत्या. डावा हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"शिक्का हाय न याच्यावर?"

"आहे. हा इथे."

शिक्का जरा तिरका बसला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, कागदाची चार घड्या घालून बसच्या पासाच्या प्लास्टिकमध्ये सरकवला आणि डब्यातली एक पाटोडी माझ्यापुढे धरली.

"घ्या. तिखट हाय थोडी."